खरवडू नका

मे सरता सरता तारामुंबरीच्या पुळणीवर
आम्ही होड्या वर काढतो.
खाली ओंडके, बारा माणसं, एक सणसणीत शिवी,
आणि ‘महापुरुष प्रसाद’ कुशीवर निजते.
मग माझं काम. पटाशी धरायची
आणि बूड खरवडायचं:
शेवाळ, कालवांची पिल्लं, गेल्या सालच्या रंगाचे पापुद्रे.
संध्याकाळी वाळूवर जे पांढरं पडलेलं असतं
त्यातलं थोडं माझं.

कोपरं, गुडघे, डोक्यात केसांच्या कडेने.
अकरा वर्षं झाली.
मधू मेथर अजून लांबूनच विचारतो,
“लागता काय रे ह्यां?”
लागत नाही.
हे इतक्यांदा सांगितलंय
की आता माझंच मला खोटं वाटतं.
सलूनवाल्या बाबल्याने माझा कंगवा
वेगळ्या डब्यात ठेवलाय.
डब्यावर नाव नाही. गरज नाही.

उपाय? झाले ना.
करंजेल झालं. मुठेल पातळ करून झालं.
देवळात कौल लावला, पाकळी उजवीकडून सुटली,
त्याच साली पाठही भरली.
सहा महिने मासे सोडले, गाबताच्या घरात!
मग मेडिकलवाल्याने हळूच दिलेली ट्यूब.
पंधरा दिवसांत कातडी तान्ह्या पोरासारखी.
ट्यूब सोडली, सगळं व्याजासकट परत.

कणकवलीला दर मंगळवारी डॉक्टर होडेकरबाई बसतात.
आडनाव ऐकून मी हसलो, त्याही हसल्या.
माझं कोपर त्यांनी हातात घेतलं,
मोजा न घालता.
घराबाहेर माझं कोपर इतका वेळ
फक्त टेबलानेच धरलं होतं.

“हे जात नाही,” म्हणाल्या, “पण गप्प बसवता येतं.”
मलम लावायचं, बोटाच्या एका पेराएवढी रेघ,
तेवढी दोन तळव्यांच्या जागेला पुरते.
(मी बादलीने डांबर ओतणारा माणूस.)
उजेडाची पेटी असते, आठवड्यातून तीनदा,
डोळ्यांना चष्मा, अंग उघडं.
“बाई, मी चाळीस वर्षं उन्हात उघडाच आहे.”
“ऊन मोजून देत नाही. पेटी मोजून देते.”
तीनदा एसटी, तीन दिवसांची मजुरी.
पेटी मी मनातच मिटली.
सुई आहे. चांगली आहे. किंमत सांगितली
तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.
उरली गोळी. आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी.
रोज घेतली तर जिवावर बेतेल,
हे माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.
रक्त तपासायचं. दारूचा थेंब नाही.
“आणि रात्री हे लावा.”
झाकण उघडलं. वास आला.
डांबर.
“खरवडू मात्र नका. खरवडाल तिथे नवं उगवेल.”

लोक मला विचारतात, होडी किती वर्षं टिकेल?
मी म्हणतो, दर साल वर काढशील तितकी.
सांध्यात काथ्या, वर राळ, बुडाला डांबर,
आणि पुन्हा त्याच खाऱ्या पाण्यात.
होडी बरी कधी होणार, असं कुणी विचारत नाही.
हे मला कणकवली स्टँडवर सुचलं.
सुचल्याने खाज थांबली नाही.

चौदा शुक्रवार झाले.
डावं कोपर गुळगुळीत. उजवं हट्टी.
डोक्यातलं जातं, परत येतं.
शनिवारी मळमळतं, पटाशी जड होते.
रेवती कालनिर्णयावर फुल्या मारते
आणि माझ्याकडे बघत नाही, मी बघतोय म्हणून.

चादरीवर तपकिरी डाग. उशीला वास.
काल अंधारात शेवंती म्हणाली,
“घरात कोण निजला हा, घोव काय होडी?”
मी म्हटलं, वर काढलीय. पावसाळाभर राहील.
ती हसली की नाही, कळलं नाही.
तिचा हात, मोरी कापून कापून खरबरीत झालेला,
कोपर शोधत आला.
उजवं.